मेणबाईचं उलटं रिंगण

बाईला चेटकीण ठरवायला जगात कुठेच फारसा पुरावा लागलेला नाही. शेजारणीचं मूल तापानं फणफणलं, बाई एकटी राहते, बाई उलटून बोलते, बाईला झाडपाल्याची चार औषधं ठाऊक आहेत, की झालं! दारावर दगड पडायला सुरुवात. त्या दगडांच्या गोष्टी ऐकत जे वाढले, त्यांच्यासमोर एखादी बाई आपण होऊन ‘मी चेटकीण आहे’ म्हणाली तर आधी धक्काच बसतो. मेणबाईला तो बसला कारखान्याच्या विक्रीच्या खिडकीत, भर दुपारी.

मेणबाई हे तिचं नाव नव्हे. मेणबत्त्यांच्या कारखान्यात उमेदीची सगळी वर्षं गेली, केसांना आणि नखांच्या कडांना मेणाचा वास कायमचा बसला, म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव. अंगानं काटक, जिभेनं तिखट. काम असं की खोलीच्या मधोमध एक जाड खांब, खांबाभोवती आडवं रहाट, आणि रहाटाला टांगलेल्या चौकटी. प्रत्येक चौकटीला वाती लोंबकळताहेत. दांडा छातीशी धरायचा, डावा खांदा खांबाकडे ठेवायचा आणि ढकलत गोल चालायचं. चौकट टाकीवर आली की खाली सोडायची, मेणात बुडवायची, उचलायची, पुढे चालायचं. मेणबत्ती अशी एका बुडीत होत नाही. थरावर थर चढत जातो.

दुपारी खिडकीवरची पोरगी जेवायला जायची तेव्हा मेणबाई तिच्या जागी बसे. त्या दिवशी एका बाईनं हिरव्या, लाल, पांढऱ्या आणि काळ्या मेणबत्त्या मागितल्या.

“काळ्या कशाला? कुणी गेलं का?”

“नाही हो. वाईट सवय सोडवायची असली की आम्ही काळी लावतो.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“चेटकिणी.”

मेणबाईनं तिला नखशिखांत न्याहाळलं. फिकट निळा झगा, पायात बसके बूट, हातात भाजीची पिशवी. “अहो, माझी दाढ उपटताना तोंडात नळी धरून तुम्हीच उभ्या होता ना?”

“होते की! रोज नळी, रविवारी काठी. आणि आधीच सांगते, झाडूवर बसून उडत नाही. या वजनाला कुठला झाडू टिकतोय? बसनं फिरते.”

मेणबाई हसली. मग हसू ओसरलं आणि ज्या आवाजात ती कुणाशीच बोलत नसे त्या आवाजात तिनं विचारलं, “लांब गेलेलं माणूस परत आणता येतं का तुम्हाला?”

दातवालीनं पिशवी खाली ठेवली. “कोण गेलंय?”

गेली होती धाकटी. मेणबाईची बहीण, पण नावापुरतीच बहीण. आई गेली तेव्हा धाकटीला नीट बोलताही येत नव्हतं. मेणबाईनं तिला कडेवर घेऊन रांगेत पाणी भरलं, तिच्या वेण्या घातल्या, तिच्या परीक्षांना बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिली. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याला सरळ सांगितलं, “हुंडा नाही, बहीण आहे. चालेल?” तो बसचा ड्रायव्हर, माणूस साधा. म्हणाला, “पुढच्या सीटवर बसवू.” धाकटी झोपेत पाय टाकायची ताईच्या अंगावर. लग्नानंतरही कैक वर्षं ती मधेच झोपायची आणि ड्रायव्हर बिचारा भिंतीला चिकटून.

तीच धाकटी नर्स झाली आणि समुद्रापलीकडच्या एका मोठ्या इस्पितळात नोकरीला लागली. भांडण नाही, तंटा नाही. रीतसर टाटा करून गेली. आधी रोज फोन यायचा, मग रविवारचा, मग ‘ताई, ड्युटीवर आहे, नंतर बोलते’. ते ‘नंतर’ काही उगवेना. वर्ष होत आलं, धड बोलणं नव्हतं. मेणबाई फोन करायचीच. लागला तर पहिलं वाक्य ‘कधी येतेस?’ आणि शेवटचंही तेच. मध्ये रडणं.

“अगं, तू फोन करतेस की वसुली?” ड्रायव्हर एकदा म्हणाला. त्या दिवशी त्याला जेवण आपल्या हातानं वाढून घ्यावं लागलं.

धाकटीच्या पलंगावरची चादर दर आठवड्याला बदलली जायची. वापरलेली नसायची, तरी धुतली जायची. उशीत नाक खुपसलं तर साबणाचा वास यायचा, तिचा नाही. हे मेणबाईनं कुणाला सांगितलं नव्हतं. खिडकीत दातवालीला सांगितलं.

“शिकायला या,” दातवाली म्हणाली. “आणता येतं की नाही ते मग बोलू.”

सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत रविवारी दुपारी हा वर्ग भरे. खाली पंक्चर काढतानाचे ठोके, वर चेटूक. मेणबाईला वाटलं होतं, कवट्या असतील, काळे पडदे असतील. होत्या चार खुर्च्या, एक मोडकं टेबल आणि तीन माणसं: दातवाली, वाचनालयातली एक अबोल मुलगी आणि एक धिप्पाड प्लंबर. मेणबाईनं त्याला विचारलं, “तुम्ही कसे हो इथे? पुरुष चेटकीण?”

“बाई, मी दिवसभर लोकांच्या मोऱ्यांत हात घालतो. आठवड्यातून एकदा चंद्राबद्दल बोलावंसं वाटतं. बिघडलं काही?”

दातवाली शिकवायची ती दाढ तपासल्यासारखी, न घाबरवता. याला विक्का म्हणतात, ती म्हणाली. अनादिकाळापासूनचा धर्म वगैरे कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. जुन्या श्रद्धांचे, जुन्या चेटकाचे धागे गोळा करून गेल्या शतकात नव्यानं विणलेला हा पंथ आहे. सैतानाशी आमचं देणंघेणं नाही, तो दुसऱ्यांच्या घरातला पाहुणा. बहुतेक जण एक देवी मानतात, तिची कळा चंद्रासारखी बदलती. आणि एक शिंगांचा देव, रानातला. कुणी दोघांना खरं मानतं, कुणी नुसतं निसर्गाला दिलेलं नाव समजतं. आपसात यावरून भांडतातही. वर्षाचं चाक आठ वळणांचं, ऋतू पालटतात तसं. एकत्र जमणारे आहेत, आयुष्यभर एकटेच करणारेही आहेत. परवाना लागत नाही.

“आणि काम कसं करतं ते?” मेणबाईला कळा नि वळणं यांत रस नव्हता.

“आधी रिंगण आखायचं. हातानं, काठीनं, बोथट सुरीनं, कशानंही. त्यातली जागा तेवढ्या वेळापुरती आपली. बांधायचं, जोडायचं, आणायचं असेल तर घड्याळाचे काटे फिरतात तसं फिरायचं. सोडायचं, उतरवायचं असेल तर उलटं. रिंगण उघडं असताना कुणी कुणाला टोकायचं नाही. शेवटी पाव खायचा, पाणी प्यायचं, म्हणजे पाय जमिनीला लागतात.”

“एवढंच?”

“आणि एक. कुणाचं वाईट होणार नसेल तर हवं ते कर. पण दुसऱ्याच्या मर्जीला हात लावायचा नाही. तेही वाईट करणंच.”

मेणबाई ताडकन उभी राहिली. “म्हणजे तिला आणता यायचं नाही?”

“ओढता यायचं नाही. आठवण येते म्हणा, दार उघडं आहे म्हणा. ‘ये’ म्हणून दोरी लावायची नाही.”

“हे तर मी फुकटात घरी बसून करतेय की! मग तुमच्या चेटकाचा उपयोग काय, बोडक्याचा?”

प्लंबर खो खो हसला. दातवाली हसली नाही. “ताई, उपयोग असलाच तर करणाऱ्याला होतो.”

हे असले सुविचार मेणबाईला मुळीच पटायचे नाहीत. पण तिनं जायचं सोडलं नाही. मनात पक्कं ठरवलं, शिकून घ्यायचं आणि आपल्या रिंगणात आपल्याला हवं ते म्हणायचं. मनातलं कोण ऐकतंय? गरजवंताला अक्कल नसते, आणि ज्याला कधी गरज पडली नाही त्यानं ती शिकवूही नये.

तिची पाळी आली त्या रविवारी तिनं दोन मेणबत्त्या आणल्या. स्वतः बुडवलेल्या, एकाच चौकटीतल्या. एक आपली, एक धाकटीची. टेबल मधोमध ओढलं, दोन्ही पेटवल्या, काठी हातात घेतली. वाचनालयातली मुलगी, प्लंबर, दातवाली भिंतीला टेकून उभे. मेणबाईनं डोळे मिटले आणि चालायला लागली. ओठांवर ‘दार उघडं आहे’, आत मात्र ‘ये, ये, ये गं बाई’. इतक्या जीवानं ती उभ्या आयुष्यात कशाभोवती फिरली नव्हती. पाय आपोआप पडत होते. धाकटीचा झोपेतला पाय अंगावर पडल्याचं तिला खरंच जाणवलं, जड, ऊबदार. तिसरी फेरी संपली तेव्हा गाल ओले होते.

डोळे उघडले तर तिघांचेही चेहरे पडलेले.

“काय झालं?”

प्लंबरनं पाव पुढे केला. शेवटी पाव खाऊन झाल्यावर दातवालीनं हळूच विचारलं, “मुद्दाम उलट्या फिरलात का?”

“उलटी कुठे? नेहमीसारखी तर…” आणि मेणबाईनं आपल्या खांद्याकडे पाहिलं. डावा खांदा आत. रहाट ढकलताना असतो तसाच. पायांना दुसरी दिशाच ठाऊक नव्हती. ‘ये, ये’ म्हणत ती धाकटीला सोडवत फिरली होती, तेही तीन वेळा, सगळ्यांच्या देखत.

“मग टोकलं का नाही, मेल्यांनो?”

“रिंगण उघडं होतं,” प्लंबर खाली बघत म्हणाला.

“पुन्हा करता येईल,” दातवाली म्हणाली. “पुढच्या रविवारी.”

करणारच होती ती. मेणबाई हार मानणाऱ्यातली नव्हे. पण आधी पायांना शिकवायला हवं होतं. म्हणून सोमवारी, मुकादम जरा बाहेर गेल्याबरोबर, तिनं दांड्याची दुसरी बाजू धरली, उजवा खांदा खांबाकडे केला आणि रहाट उलटं ढकललं. पाय अडखळले, मग सरावले. टाकीवर चौकट येई ती आत्ताच बुडवून काढलेली, अजून गरम. मेणबाईचं लक्ष पायांकडे. बुडव, उचल, चाल.

“बाई! झपाटलं का तुम्हाला?” मुकादम दारातून ओरडला.

तिनं मान वर केली. चौकटींवरच्या मेणबत्त्या बघवेनात. वरून वात उघडी पडलेली, खाली गाठी लोंबलेल्या. थर निवायच्या आत पुन्हा बुडवला तर नवा चढत नाही, आधीचाही उतरतो. हे तिनं स्वतः कितीतरी नव्या बायकांना ओरडून शिकवलं होतं. घाई करू नका गं, निवू द्या तिला.

मुकादम काय काय बोलत होता. मेणबाई एरवी त्याला एकाचे दोन ऐकवायची. त्या दिवशी एक मेणबत्ती हातात धरून ती नुसती उभी राहिली. इतकी बारीक झाली होती की बोटांच्या उबेनं वाकली.

पुढच्या रविवारी ती सायकलच्या दुकानावर गेली नाही. सकाळी ड्रायव्हर चहा घेत होता. तिनं फोन लावला. वाजत राहिला. ठेवणार तेवढ्यात आवाज आला, दमलेला, सावध. “हं, ताई.”

त्या ‘हं’मध्ये सगळं होतं. धाकटी पहिल्या वाक्याची वाट बघत होती. मेणबाईच्या जिभेवर ते आलंच होतं. तिनं ते चहाच्या घोटाबरोबर आत ढकललं.

“ऐक, गंमत सांगते. मी चेटूक शिकायला जाते.”

“काय?”

मग मेणबाईनं सगळं सांगितलं. दातवाली, मोऱ्यांचा कंटाळा आलेला प्लंबर, काठी, उलट्या फेऱ्या, मुकादमाचं थोबाड. कशासाठी फेऱ्या घातल्या तेवढं मात्र नाही. पलीकडे आधी खुदखुद, आणि मग धाकटी अशी हसली की फोनमधून खोलीभर झालं. ड्रायव्हरनं कप खाली ठेवला.

“ताई, तू चेटकीण? अगं, तुझ्याइतकं सगळ्यांना बांधून ठेवणारं तर… आणि फेऱ्याच उलट्या!” हसता हसता धाकटी थांबली. मग म्हणाली, “इथे एक म्हातारी पेशंट आहे, रोज मला विचारते वेणी कुणी घालायला शिकवली.” आणि बोलत राहिली. इस्पितळातलं, घरमालकिणीचं, नव्या बुटांचं. मेणबाईनं हुंकार देण्यापलीकडे काही केलं नाही. पोरगी बोलत होती, एवढ्यानं कान भरून आले होते.

“चल, ठेवते ताई. ड्युटी आहे.”

“ठेव.”

“ठेव काय? आज विचारणार नाहीस?”

मेणबाईनं डोळे घट्ट मिटले. विचार की, आता तर ती स्वतःच म्हणतेय, विचार! “काय विचारू?” ती म्हणाली. “जेवतेस ना वेळेवर?”

“जेवते,” धाकटी म्हणाली. आवाज जरा ओलसर वाटला, का लाइनच तशी होती, कोण जाणे. “करते गं मी फोन.” येते म्हणाली नाही.

फोन बंद झाल्यावरही मेणबाईनं तो कानाशी धरून ठेवला. ड्रायव्हर म्हणाला, “बरं बोलली आज.”

“बोलली,” मेणबाई म्हणाली. मग एकदम उसळली, “एकदा म्हटलं असतं येते, तर काय जीभ झडली असती कारटीची?” ड्रायव्हर सरकला आणि तिच्यासाठी जागा केली. ती बसली नाही. खिडकीशी जाऊन उभी राहिली, जिथून नाक्यावरून आत वळणारं माणूस पहिल्यांदा दिसतं. एक पोरगी वळली, खांद्याला बॅग, चालणं अगदी तसंच, आणि मेणबाई पार जवळ येईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.