मिसेस किमचं सूप आणि एक स्टार

मंडळी, आजचीच गोष्ट सांगतो.

इथे परदेशात, बुकित बातोक भागातल्या आमच्या इमारतीखाली मिसेस किम या कोरियन बाईंचं छोटं हॉटेल आहे. आज जेवायला गेलो तर त्यांनी फोन पुढे केला. "माझं इंग्लिश कच्चं आहे. तुम्ही उत्तर लिहून द्या. हा रिव्ह्यू आल्यापासून ॲपवरच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्यात."

एक स्टार. सूप थंडगार.

रिव्ह्यू माझाच होता, बिननावाचा. सूप गरमच आलं होतं. ऑफिसच्या कॉलपायी तासभर मीच उघडलं नव्हतं.

"काय लिहू?"

"सॉरी म्हणा. पुढचं सूप फुकट."

मी लिहून पाठवलं आणि माझ्याच खिशातल्या फोनवर ॲपची सूचना वाजली.

"तुमचा फोन," त्या म्हणाल्या.

रिव्ह्यू घरी येऊन काढून टाकला. खरं सांगायला मात्र खाली जाववत नाहीये. तुम्ही गेला असतात का?