न मोजलेली पट्टी

उपग्रहाने मोजलेली समुद्राची उंची तपासणं हे माझं काम. किनाऱ्याजवळ त्याच्या रडार-लहरींत जमिनीचा प्रतिध्वनी मिसळून आकडे बिघडतात, म्हणून ते गाळावे लागतात. नकाशावर तिथे पांढरी पट्टी उरते. त्याच पट्टीतल्या एका गावात, मावशीच्या स्वयंपाकघरात, मी गेल्या महिन्यात घोटाभर खाऱ्या पाण्यात उभी होते. पिठाचे डबे वर ठेवत मावशी म्हणाली, "तुमच्या उपग्रहाला हे दिसतं का गं?" मी पुढचा डबा तिच्या हातात दिला.

परत आले, तर साहेबांनी अहवालात लिहिलं होतं, 'किनाऱ्यालगत पाण्याची वाढ आढळली नाही.'

"सर, आढळली नाही कसं? आपण तिथलं मोजलेलंच नाही."

"वाचणाऱ्याला एवढं कुठे कळतंय?"

माझं डोकं भणाणलं. यंत्राला दिसत नाही याचा मला कधीच राग आला नाही. ते बिचारं आकाशातून जमेल तेवढं पाहतं. पण जे पाहिलंच नाही, ते नाहीच असं सांगायला माणूस लागतो. मी ते वाक्य खोडून 'मोजता आली नाही' असं लिहिलं. साहेबांनी ते पुन्हा बदललं. मग मी अहवालावरचं माझं नाव काढायला लावलं.

अहवाल गेलाच. तो वाचून कुणीतरी त्या गावांना 'निश्चिंत राहा' म्हणेल, या विचाराने अजून अंगाचा तिळपापड होतो.