विल्फचं स्टूल

विल्फ गॅरड चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झाला आणि इंग्लंडातल्या आमच्या सफोकच्या माळावर येऊन बसला. अक्षरशः बसला. हिरवं घडीचं स्टूल, थर्मास, दुर्बीण. कॅमेरा नाही. "पाखरू बघायचं सोडून बटणं कोण दाबत बसणार?" असं म्हणायचा आणि माझे फोटो मात्र तासभर मागून मागून बघायचा.

पाखरं मोजणाऱ्या आम्हा मंडळींचा नियम आहे. घरटं सापडलं, तर बायकोलासुद्धा सांगायचं नाही. विल्फची बायको मेव्हिस म्हणायची, "मी कधी विचारलंय?"

त्या मे महिन्यात, एकोणतीस वर्षांनी, माळावर खाटीक पक्ष्याची जोडी आली. काटेरी झुडपात पाच अंडी. ठाऊक फक्त आम्हा दोघांना. विल्फने तोंड शिवून घेतलं आणि झुडपापासून पन्नास पावलांवर स्टूल टाकून दिवसभर पहारा सुरू केला.

रविवारी मी पोचलो, तर झुडपाभोवती चौदा कॅमेरे. आड येणाऱ्या फांद्या कुणीतरी छाटलेल्या. विल्फ हात पसरून, बसमध्ये ओरडायचा तसा ओरडत होता, "मागे सरका! मागे सरका!"

"कुणी सांगितलं तुम्हाला?" मी विचारलं.

एक जण हसला. "यांनीच की! विल्फ आठवडाभर एकाच जागी बसतोय, म्हणजे तिथं काहीतरी असणारच."

मादी परतली नाही. अंडी गार पडली. विल्फने स्टुलाची घडी केली. "चाळीस वर्षांत एक उतारू पडू दिला नव्हता रे," एवढंच म्हणाला.

पुढच्या वसंतात त्याने स्टूल माळाच्या दुसऱ्या टोकाला, एका रिकाम्या झुडपासमोर टाकलं. कॅमेरेही आज्ञाधारकपणे तिकडे गेले. जुन्या झुडपाकडे दुरून नजर टाकायला मी एकटा जायचो. परतताना दिसलो, की विल्फ आधीच हात वर करायचा.

"एक शब्द बोलू नकोस! मला कळलं, तर थोबाडावर दिसेल. ही गिधाडं लगेच वाचतील."

"बरं बाबा."

"चहा घे."

जून गेला, जुलै गेला. जुन्या झुडपात कुणी आलंच नाही. छाटलेल्या फांद्या तेवढ्या खाली वाळत पडल्या होत्या. विल्फ रिकाम्या झुडपाची राखण करत पावसात भिजत होता. मी शेजारी उभा राहून त्याचा कोमट चहा प्यायचो आणि माझं थोबाड सांभाळायचो.