हमिदाखालाची तरंगती अंडी

नासलेलं अंडं पाण्यात तरंगतं, हे मला रोह्याच्या कॉलेजात कळलं आणि पहिल्याच सुट्टीत मी त्या ज्ञानानं आमच्या आळीत भांडण लावलं.

धरमतरच्या खाडीकडेला आमचं घर. बाबा मिठागरात कामाला. घरात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली, त्यामुळे मी काही बोलले की आई हातातलं काम थांबवून ऐकते. (मला याची फार भीती वाटते.)

त्या दिवशी ताईचे सासू-सासरे पहिल्यांदाच जेवायला येणार होते. शेजारच्या हमिदाखालानं आपल्या कोंबड्यांची डझनभर अंडी आणून दिली. ती आणि आई नव्या नवऱ्या म्हणून या आळीत आल्या, तेव्हापासूनच्या मैत्रिणी.

"पाव्हन्यांना गावठी अंड्यांचं कालवण घाल गो," म्हणाली आणि गेली.

मी म्हटलं, आधी तपासू. पडवीत बादली भरलेली होतीच. पहिलं अंडं सोडलं. तरंगलं! दुसरं तरंगलं. बाराच्या बारा बुचासारखी वर!

"आई, सगळी नासलीत!"

"हमिदाची? नाय गो, ती अशी द्यायची नाय."

"विज्ञान सांगतंय!"

विज्ञानाला उलट बोलायची आईला सवय नव्हती. मीच अंडी टोपलीत भरून खालाकडे गेले. (अत्यंत नम्रपणे!)

"खाला, रागावू नका, पण ही नासलीत वाटतं..."

"नासलीत? आज सकाळी कोंबडीखालनं काढलीत मी!"

तिनं पातेल्यात पाणी घेऊन अंडं सोडलं. ते सरळ तळाशी जाऊन आडवं झोपलं.

"आमच्याकडे तरंगलं होतं," मी चाचरले.

"चल, बघू तुमच्याकडं!"

आमच्या बादलीत तेच अंडं पुन्हा वर! खालानं ते बोटानं खाली दाबलं. बोट काढलं की वर! तोवर कुंपणाशी शेजारणी जमल्या होत्या. "जागेचा दोष असंल," एकीनं निदान केलं.

खालानं मात्र ओलं बोट पदराला पुसलं. "माझ्या घरात बुडतं, तुमच्या घरात तरंगतं. मंग मी काय समजायचं गो? इतक्या वर्सांनी माझी अंडी तपासायची येल आली?"

ती आईकडे बघत होती, आई माझ्याकडे आणि मी अंड्याकडे.

तेवढ्यात बाबा आले. "माझ्या पान्यात अंडी कोनी टाकली? कैऱ्या खारवायला मिठागरातनं आनलंय मी!"

मी बोट बुडवून चाटलं. तोंड वाकडं झालं! खारं पाणी जड असतं, ते ताज्या अंड्यालाही वर उचलून धरतं. हेसुद्धा मी शिकले होते. (परीक्षेत त्यावर पूर्ण गुण मिळाले होते!)

आईनं खालाचा हात धरला. "पोरीचं ऐकलं गो मी. तुझ्यावर भरवसा ठेवायला हवा व्हता."

खाला डोळे पुसता पुसता हसली. "पोरीचं ऐकायचं नाय, तर शिकवलीस कशाला तिला?"

आणि पदर खोचून तीच कालवण करायला बसली.

हल्ली मी रोह्याला निघाले की खाला मला अंडी बांधून देते. उकडून. "घे गो, आता कुठं बी बुडव!"

मी ती पेणचा स्टँड यायच्या आत खाऊन टाकते. वाटेत खाडी लागते आणि माझा माझ्यावर अजून भरवसा नाही.