आडाचा माळ आणि वळसा घालणारी फौज

मला अशा गोष्टींवर विश्वास नाही, हे आधीच सांगतो. या ग्रुपवरचे अनुभव मी दोन वर्षं नुसते वाचतोय आणि बरेचदा मनात हसलोय. म्हणूनच लिहू की नको असं चाललं होतं... काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी परभणीत बी.एस्सी.ला आहे. कॉलेजात गेलेला घरातला पहिलाच. आमची साठ-पासष्ट मेंढरं आहेत. आमच्याकडे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, त्यामुळे अप्पा — माझे वडील — दिवाळीनंतर रानोरान फिरत असतात.

मला नाद नकाशांचा. एका जुन्या स्ट्रॅटेजी गेमसाठी आम्ही पाच-सहा जण ऑनलाइन यादवकाळातला मोहिमेचा नकाशा बनवतोय. सगळं त्या काळाला धरून. रेल्वे, कालवे, डांबरी रस्ते तर काढून टाकलेच, पण शिवारातली मिरचीसुद्धा काढून टाकली, कारण तेव्हा ती आपल्याकडे नव्हतीच. (आई म्हणाली, "मग भाकरीसंगं खायचे काय लोकं?") सेलूपासून झरीपर्यंतचा तुकडा माझ्याकडे आहे. त्यातला एक चौकोन म्हणजे साधारण दोन-तीन शेतं. माळांची, ओढ्यांची जुनी नावं मी अप्पांना फोनवर विचारून भरली.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी, तीनच्या सुमारास, मी रूमवर टेस्ट करत होतो. देवगिरीहून निघालेली फौज झरीच्या अलीकडे एका चौकोनापाशी थांबायची आणि वळसा घालून पुढं जायची. बघितलं तर चूक माझीच... तिथं 'आडवा माळ' लिहून मी उंचवटा दिला होता. खात्रीसाठी अप्पांना फोन लावला.

"आडवा न्हाई रे, आडाचा माळ. आड. पाणी शेंदायचा."

"तिथं आड आहे?"

"कुठला आड. नाव राह्यलंय नुसतं. माझ्या आज्यानं बी बघितला न्हाई. आता तिथंच हाय मी, मेंढरं बसवायलोय."

मी उंचवटा काढून जमीन सपाट केली. फौज तरी वळसा घालूनच गेली. शेजारचा चौकोन कॉपी करून तिथं टाकला. तेच. मग फाईल टीममधल्या नाशिकच्या मित्राला पाठवली. त्याचा मेसेज आला — "माझ्याकडे सरळ चाललीय की."

मी परत चालवली. फौज आली, थांबली, वळली.

मी अप्पांना परत फोन लावला. रात्रभर मेंढरं जाळीत कोंडलेली असतात आणि अप्पा जाळीला लागूनच झोपतात.

"अप्पा, तिथं नका बसवू."

"का?"

मला नीट सांगता येईना. "गेममधली फौज... तिथून जात नाही."

पलीकडे कुणीतरी हसलं, शेतमालक असावेत. अप्पा म्हणाले, "शिकायला धाडलं, आन् हे फौजदार झालं. आरं, जाळी ठोकून झाली. मालकाला काय सांगू, लेकाची फौज अडली म्हणून?"

"काहीही सांगा. पण उठा तिथून."

अप्पांशी मी असं कधी बोललो नव्हतो.

"बरं. खुट्या उपटतो. पण घरी आल्यावर त्या तुझ्या डबड्याकडं बघतो."

सकाळी सातला त्यांचाच फोन आला. आवाज अगदी हळू. आदल्या दिवशी जाळी ठोकलेली जागा पहाटे खचली होती. बैलगाडी मावेल एवढं भगदाड, आत घडीव दगडांची गोल कड. "वरून माती पडायलीय, पर तिचा आवाज लय उशिरा येतोय," एवढंच म्हणाले.

मी खूप विचार केला. जुनी नावं उगीच नसतात, मान्य. जमीन कधीतरी खचणारच होती, तेही मान्य. पण माझ्या नकाशात आड नव्हताच, नुसती सपाट जमीन होती. मग ती फौज कशाला वळली? त्या दिवसापासून माझ्याकडेही ती तिथून सरळ जाते. फाईलमध्ये मी काहीच बदललेलं नाही.

आता नव्या रानात मेंढरं बसवायच्या आधी अप्पा फोन करतात. "बघ रं, जाती का फौज?" मी चालवून बघतो आणि "जाते, बसवा" म्हणतो. ते निवांत झोपतात. मला मात्र फोन ठेवल्यावर कळत नाही — जमीन खरंच चांगली आहे म्हणून ती जाते, का आता तिला काही दिसतच नाही म्हणून.