पाचव्या आठवड्याची नोंद

“स्वतः पाहिल्याशिवाय म्हणायचं नाही.” ओइवाच्या तोंडी हे वाक्य कायम असायचं. हवेबद्दल बोला, माशांबद्दल बोला, कुणाच्या सुनेबद्दल बोला. तो सगळं ऐकून घ्यायचा, लोकरीची टोपी कपाळावरून मागे सारायचा आणि एवढंच म्हणायचा. तीस वर्षं त्यानं लाकडाच्या कारखान्यात विजेची कामं केली होती. मग कारखाना बंद पडला, कोइवुनिएमी गावातली निम्मी घरं ओस पडली, आणि ओइवा सरोवरापलीकडच्या आपल्या घरात लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली शिकत बसला. शिकवायला कुणी नव्हतं. एकटा जीव, लांबलचक हिवाळा, आणि समोर न उठणारं एखादं यंत्र, एवढ्यावर तो शिकला.

गावातला प्रत्येक जुना लॅपटॉप त्याच्या हाताखालून गेला होता. वीस वर्षांत त्यानं लिनक्स घडवणाऱ्या लोकांच्या जाहीर ईमेल-यादीवर अकरा दोष लिहून कळवले होते आणि अकराही खरे निघाले होते. हे तो कधी सांगत नसे. पण अकरा हा आकडा गावात सगळ्यांना पाठ होता, म्हणजे कधीतरी सांगितलाच असणार.

केर्टू शाळेत त्याच्या दोन वर्षं मागे होती. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. गावच्या पक्षीगणनेच्या नोंदी ती लॅपटॉपवर ठेवायची, आणि त्या शरद ऋतूत लिनक्स नवं करून घेतल्यापासून लॅपटॉपला एक खोड लागली होती. झाकण लावलं की तो झोपायचा, आणि उघडल्यावर कधी उठायचा, कधी नाही. पंखा फिरतोय, दिवा जळतोय, पडदा मात्र काळा.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ओइवा आला. दोन तास त्यानं यंत्राच्या नोंदी वाचल्या आणि मग म्हणाला, दोष लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे सगळं यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये आहे. जुना गाभा परत बसवला तर तुझं काम भागेल. पण याच जातीचे लॅपटॉप जगात हजारो असतील, त्यांचं काय? जुन्या आणि नव्या गाभ्याच्या मध्ये आठ हजार बदल होते. त्यातला एक चुकीचा. तो शोधायची रीत त्यानं कॉफीच्या टेबलावर साखरेचे खडे मांडून दाखवली. बरोबर मधला गाभा घ्यायचा आणि आठवडाभर चालवून पाहायचा. बिघडला तर चूक त्याच्या आधीच्या अर्ध्यात, नाही बिघडला तर नंतरच्या. मग त्या अर्ध्याचं अर्धं. असे तेरा आठवडे.

“रोज रात्री झाकण लाव, सकाळी उघड,” तो म्हणाला. “सातात एकदा जरी काळा पडदा दिसला तर वहीत वाईट लिही. नाहीतर चांगला.”

केर्टूनं मान डोलावली. तिला त्यातलं फक्त तेरा कळलं होतं.

दर शनिवारी दोन वाजता ओइवा घरी तयार केलेला गाभा पेनड्राइव्हवर घेऊन यायचा. सरोवर गोठल्यावर पायानं रेटायच्या घसरगाडीवरून सरळ बर्फावरून यायचा. केर्टू कॉफी करायची, तव्यावर भाजलेल्या चीजच्या फोडी कपात टाकायची. तो चमच्यानं त्या बाहेर काढून खायचा. बोलणं फार होत नसे. पण त्याच्या बोटांची टकटक स्वयंपाकघरात ऐकू येत राहायची, आणि आठ वर्षं त्या घरात घड्याळाशिवाय दुसरं काही वाजलं नव्हतं. शुक्रवारपासून तिचं मन दाराकडे लागायचं. रविवारी टेबलावरचा दुसरा कप ती लगेच धूत नसे.

दुकानातल्या राइलीनं एकदा पीठ मोजता मोजता विचारलंच. “काय गं केर्टू, अजून बरा झाला नाही का तुझा लॅपटॉप? माझ्या नवऱ्याचा गुडघा सहा आठवड्यांत झाला.”

“गुडघ्यात आठ हजार बदल नसतात,” केर्टू म्हणाली आणि पीठ घेऊन निघाली. पण कान तापले होते.

पहिले चारही आठवडे वाईट निघाले. पाचव्या आठवड्यात लॅपटॉप सोमवारी उठला, मंगळवारी उठला, सातही दिवस मुकाट्यानं उठला. शनिवारी सकाळी केर्टू वहीसमोर बसून राहिली. यंत्र बरं झालं, तिला वाटलं. आता हा येईल, कॉफी पिईल, टोपी घालेल आणि जाईल. तिनं पेन्सिल उचलली आणि लिहिलं, गुरुवारी काळा पडदा. वाईट.

त्यानंतरचा प्रत्येक आठवडा चांगला गेला. तिनं खरं तेच लिहिलं, आणि सहाव्या-सातव्या शनिवारी तिच्या लक्षात आलं की चांगला लिहिलं तरी माणूस येतोच. पण पाचव्या पानावरचं खोटं तिनं तसंच राहू दिलं. एका ओळीनं असं काय बिघडणार होतं?

तेरावा शनिवार फेब्रुवारीत आला. गाळता गाळता एकच बदल उरला. तोच बदल मागे घेऊन यंत्र पुन्हा पारखायचं, ही ओइवाची नेहमीची शिस्त. या खेपेला त्यानं ती मोडली, कारण वहीतलं अक्षर केर्टूचं होतं. त्यानं यादीवर लिहिलं, चूक या बदलात आहे. बदल करणाऱ्या जर्मन मुलीचं नावही घातलं.

चार दिवसांनी उत्तर आलं. मुलीनं सभ्यपणे लिहिलं होतं की तिचा बदल रेडिओच्या एका कार्डासाठी आहे आणि ते कार्ड या लॅपटॉपमध्ये असतच नाही. तपासताना काही गफलत झाली असेल का?

पुढच्या शनिवारी ओइवा आला तो पेनड्राइव्हशिवाय. उत्तर त्यानं केर्टूला वाचून दाखवलं. मग म्हणाला, वय झालं, आता हे थांबवावं म्हणतो. हात मांडीवर ठेवून बसला. त्या हातांना काही काम नाही हे केर्टूनं पहिल्यांदाच पाहिलं.

गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. तो मात्र कायमचा बसला असता, असाच, रिकाम्या हातांनी.

“पाचव्या आठवड्यात तो रोज उठत होता,” ती म्हणाली. “सातही दिवस.”

ओइवानं वर पाहिलं. “मग वाईट का लिहिलंस?”

“चांगला लिहिलं तर तू येणार नाहीस असं वाटलं.”

त्यानं चमचा उचलला आणि परत ठेवला. कपातलं चीज विरघळून तळाशी बसलं.

“सांगितलं होतं मी, तेरा आठवडे,” तो शेवटी म्हणाला. “काहीही निघालं तरी तेरा.”

“सांगितलं होतंस. मला धीर नव्हता.”

त्यानं लॅपटॉप पुढे ओढला आणि त्या मुलीला लिहायला घेतलं. चाचणीत चूक माझ्याकडून झाली, माफी असावी, पाचव्या पायरीपासून पुन्हा करतो. केर्टू म्हणाली, माझं नाव घाल. तो म्हणाला, यादीवर नाव माझं आहे.

मग त्यानं चार्जरची तार गुंडाळली. लॅपटॉप आपल्या लोकरी गळपट्ट्यात लपेटला, थंडी लागू नये म्हणून. नऊ आठवडे उरलेत, म्हणाला, आता घरीच करतो.

“झाकण मी लावलं असतं. नीट लिहिलं असतं.”

“माहीत आहे,” तो म्हणाला, पण गाठोडं खाली ठेवलं नाही. दारात बूट चढवताना भिंतीला हात टेकून तो थोडा थांबला. काही बोलेल असं वाटलं. तो म्हणाला, “कॉफी चांगली होती.”

केर्टू खिडकीशी उभी राहिली. ओइवानं गाठोडं घसरगाडीच्या बैठकीवर ठेवलं, पट्ट्यानं बांधलं, पुन्हा सोडून अधिक घट्ट बांधलं. मग एक पाय गाडीच्या मागच्या पट्टीवर, दुसऱ्यानं रेटत तो बर्फावर उतरला. गळपट्टा लॅपटॉपला दिल्यामुळे त्याची मान उघडी होती, आणि लांबूनही ती लाल झालेली दिसत होती. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. सरोवराच्या मध्यावर तो हाताएवढा झाला, मग बोटाएवढा, आणि पलीकडच्या भूर्जवृक्षांमध्ये मिसळून गेला. केर्टू तरीही खिडकीशीच होती.