सहा नंबरचा शेवट

माझ्या वडिलांचा बँड होता. म्हणजे लग्नाचा बँड. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्यावर तुरा, आणि कोल्हापूरच्या उन्हात घामानं चिंब झालेली दहा-बारा माणसं. अब्बा क्लॅरोनेट वाजवायचे आणि सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. मला त्या लाल कोटाची लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं मी फार गुणी मुलगा होतो असा कुणाचा तरी समज व्हायचा.

बँडवाल्यांचं काम वरातीचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण आमच्या बँडचं नाव होतं ते पंगतीसाठी. अक्षता पडल्या, लोक जेवायला बसले, की अब्बा मांडवाच्या कोपऱ्यात सतरंजी टाकायला लावायचे. बूट काढून सगळे बसायचे, बाकीचे ढोल बाजूला जायचे, एक छोटा ढोल तेवढा राहायचा, आणि मग जे वाजायचं ते कोल्हापुरात दुसरा कुठलाच बँड वाजवत नव्हता. ते विलायती संगीत होतं. शेकडो व्हायोलिनं वाजवतात तसलं, हलकंफुलकं, जेवताना कानावर पडलं तर घास गोड लागावा असलं.

ते अब्बांकडं आलं कसं, ती एक गंमतच आहे. कसबा बावड्याला साखर कारखान्यात एक साहेब होते, त्यांच्या मुलीचं लग्न. साहेब म्हणाले, जेवताना सिनेमाची गाणी नकोत, मी देतो ते वाजवा. त्यांच्याकडं एक रेकॉर्ड होती, विलायती वाद्यवृंदाच्या लोकप्रिय तुकड्यांची. निवडून निवडून एकत्र केलेले. रेकॉर्ड काही त्यांनी हातची सोडली नाही, पण एका दुकानातून कॅसेट भरून आणून दिली. अब्बांनी ती कॅसेट दीड महिना ऐकली. तुकडा ऐकायचा, थांबवायचा, शाळेच्या वहीत सारेगम लिहायचं, पुन्हा मागं न्यायचं. कॅसेटवर नावं काहीच लिहिलेली नव्हती, म्हणून बँडमध्ये त्या तुकड्यांना नंबर पडले. एक नंबर, दोन नंबर, असे सहा. दुसऱ्या बाजूला आणखी होते, पण पंगत उठेपर्यंत सहाच पुरायचे, आणि अब्बांनीही त्यात समाधान मानलं.

सगळ्यात देखणा सहा नंबर. तीन-तीनच्या ठेक्यात जायचा, आमच्या दादऱ्याचं लांबचं भावंड वाटायचं. सूर एकेक पायरी चढत वर जायचा, वर जायचा, आता काहीतरी होणार असं वाटायचं, आणि तिथंच फट्‌दिशी थांबायचा. अब्बा क्लॅरोनेट वर उचलायचे, जोडीची पितळी कॉर्नेट थांबायची, ढोल थांबायचा. मांडवात एकदम शांत. अब्बांना त्या थांबण्याचं भारी कौतुक. म्हणायचे, विलायतेतली माणसं हुशार, माणसाला भरल्या ताटावर कसं थोपवायचं ते त्यांना कळतंय. आचाऱ्यांनाही ते सोयीचं झालं. सहा नंबर थांबला की जिलेबीचा दुसरा फेरा सुटायचा. वाढपी जिलेबीची ताटं घेऊन उभेच असायचे, मास्तरांचा हात कधी वर जातोय त्याकडं डोळे लावून. तीसएक वर्षं कोल्हापुरात किती माणसांनी त्या शांततेत जिलेबी खाल्ली असेल, देव जाणे.

मी शिकलो, परीक्षा दिल्या आणि पन्हाळ्याला सरकारी कचेरीत कारकून झालो. अब्बांनी मला लहानपणी दोन महिने क्लॅरोनेट शिकवायला घेतलं होतं. मी तिच्या तोंडाची वेताची पात मुद्दाम चावून फोडायचो. शेवटी ते म्हणाले, जा बाबा, तुझ्या हातात फायलीच हायत. ते चिडून बोलले नव्हते. पण मला सुटल्यासारखं झालं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर दिसलंही असणार.

बारा-तेरा वर्षांमागं कचेरीनं मला पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं. आमची जेवणाची सोय एका बऱ्यापैकी हॉटेलात होती. दुपारी ताट घेऊन बसलो आणि भिंतीवरच्या स्पीकरमधून एक नंबर सुरू झाला. मी चमकलोच. मग दोन नंबर, मग तीन. आमच्या मांडवातलं संगीत असं झकपक हॉलमध्ये ऐकून मला, खरं सांगतो, पहिल्यांदा अभिमान वाटला. सहा नंबर चढायला लागला, आणि ती जागा आली तसा मी सवयीनं चमचा खाली ठेवला.

ते थांबलंच नाही. पुढं चाललं. चांगलं मिनिटभर चाललं आणि मग संपलं.

मग डोक्यात प्रकाश पडला, ही साहेबांचीच रेकॉर्ड, सीडीवर आलेली. रेकॉर्ड मोठी होती आणि कॅसेट लहान. दुकानदाराची टेप संपली आणि तुकडा तिथंच तुटला, एवढीच गोष्ट. दुकानदारानं भरलेलं ऐकून पाहिलं नाही, साहेब लग्नाच्या दिवशी पाहुण्यांच्या मागं धावत होते, आणि पुढं त्यांची बदली झाली. टेप जिथं संपली तिथं आमच्या अब्बांनी हात वर केला होता. मी वाढप्याला विचारून त्या सीडीचं नाव कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून घेतलं आणि पाकिटात ठेवलं.

घरी येऊन हे नीट सांगता आलं असतं. अब्बांना बाजूला घेऊन, चहाचा कप हातात देऊन. पण माझ्या जिभेला हाड नाही. मी थेट बँडच्या दुकानात गेलो. संध्याकाळची वेळ, सगळी मंडळी जमलेली, आणि मी उंबऱ्यातूनच हसत हसत सांगितलं की इतकी वर्षं तुम्ही अर्धंच वाजवताय. कॅसेट संपली हे तुम्हाला कळलंच नाही. वर आणखी शहाणपणा केला, म्हणालो, बरं झालं कोल्हापुरात कुणाला समजत नाही.

कुणी हसलं नाही. कॉर्नेटवाले मामा, म्हणजे अब्बांचे जन्माचे जोडीदार, आपल्या कॉर्नेटचं नळकांडं पुसत राहिले. अब्बा माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता शिव्या पडणार. पण त्यांनी विचारलं, "पुढं कसं हाय?"

मला कुठं गाऊन दाखवता येतंय. मी म्हणालो, छान आहे, मोठं आहे.

"मग आणून दे की," अब्बा म्हणाले. आणि मंडळींकडं वळून, "पुढचं येईस्तवर सहा नंबर बंद."

मी हो म्हणालो. पाच मिनिटांचं काम होतं. चिठोरा पाकिटात होता, सीडी कुठल्याही दुकानात मिळाली असती, पुढं पुढं तर मोबाइलवर नुसतं नाव टाकलं असतं तरी झालं असतं. पाच मिनिटांचं काम होतं म्हणूनच ते राहिलं, दुसरं काही नाही. अवघड असतं तर केलं असतं, आणि केलं म्हणून मिरवलंही असतं. अब्बा दर रविवारी विचारायचे, "आनलंस?" मी म्हणायचो, या आठवड्यात नक्की. कधी निवडणुकीचं काम, कधी कचेरीत वरच्या साहेबांची भेट, कधी नुसताच कंटाळा. मध्ये दोनदा पाकीट बदललं, आणि दोन्ही वेळा तो चिठोरा मी जुन्यातून काढून नव्यात नीट घडी करून ठेवला. स्वतःची लाज वाटावी अशी ही गोष्ट आहे, आणि वाटते.

सहा नंबर बंद झाला तो झालाच. आचारी विचारायचे, मास्तर, जिलेबीचं कसं करायचं? अब्बा म्हणायचे, तुमचं तुम्ही बघा. पुढं पंगतीच गेल्या, लोक ताट हातात घेऊन उभ्यानं जेवायला लागले, वरातीला डीजे आला, आणि उभ्यानं जेवणाऱ्यांना बसून वाजवलेलं कोण ऐकणार? बँड मोडला. कॉर्नेटवाले मामा गडहिंग्लजकडं नेसरीला आपल्या मुलाकडं शेतावर राहायला गेले. अब्बांनीही रविवारी विचारायचं कधीतरी सोडून दिलं. मला ते बरंच वाटलं.

मग माझ्या मुलीचं लग्न ठरलं. अब्बा पंचाहत्तरीच्या पुढं गेले होते, तरी त्यांनी एकच हट्ट धरला. नातीच्या लग्नात पंगत बसवायची, आणि मी वाजवणार. मामांना नेसरीहून बोलावलं, आणखी दोघं म्हातारे सापडले. महिनाभर आधी अब्बांनी मला सांगितलं, "तिच्या लग्नात सहा नंबर पुरा वाजवायचाय. तेवढं आणून दे." मी त्यांच्यासमोर पाकीट काढून चिठोरा दाखवला. हा बघा, जवळच आहे म्हणालो. आणि मग हॉल, जेवण, पत्रिका, रुसवेफुगवे यात जे विसरलो ते निकाह लागेपर्यंत.

दस्तरखानाच्या चादरी पसरल्या, लोक जेवायला बसले. चौघं म्हातारे सतरंजीवर बसून एक नंबर वाजवायला लागले. अब्बांचा दम तुटत होता, पण सूर होता. पाच नंबर संपला. जर्द्याच्या, म्हणजे गोड केशरी भाताच्या, थाळ्या घेऊन वाढपी उभे होते, त्यातला एक जुना होता, त्यानं अब्बांकडं पाहिलं. अब्बांनी गर्दीत मला शोधलं. मी पाहुण्यांच्या पुढं हात जोडून उभा होतो, आणि तिथंच मला आठवलं. अब्बांनी माझं तोंड बघितलं आणि त्यांना समजलं. त्यांनी क्लॅरोनेटचे भाग सुटे केले, एकेक पुसला आणि पेटीत ठेवला.

दुसऱ्याच दिवशी मी ते मोबाइलवर उतरवून घेतलं. खरोखर पाच मिनिटं लागली.

मोबाइल त्यांच्यासमोर धरला आणि सहा नंबर लावला. अब्बा डोळे मिटून बसले. संपलं तरी तसेच बसून होते. मग डोळे उघडून म्हणाले, "लाव की." मी मोबाइलवर मान घालूनच म्हणालो, झालं की अब्बा. त्यांना तेही ऐकू गेलं नाही. उभं आयुष्य ढोलाच्या शेजारी बसून त्यांचे कान कधीचे गेले होते. लग्नात ते बोटांच्या सवयीनं वाजवत होते आणि आम्हाला घरात कुणालाच पत्ता नव्हता. आमच्याशी ते ओठ बघून बोलत होते, आणि आम्ही तरी रोज बोलत होतो किती. डॉक्टरनं यंत्र दिलं. त्यातून बोलणं थोडं कळायचं, पण गाणं म्हणजे पत्र्यावर खडे पडल्यासारखं, असं ते म्हणाले आणि यंत्र काढून ठेवलं.

एका दुपारी त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, तू ऐक आणि मला सांग. मी कागदावर लिहिलं, लई गोड आहे. त्यांनी वाचलं आणि कागद बाजूला सारला.

"गोड म्हंजे कसं? तिथनं वर जातंय का खाली येतंय?"

मी पुन्हा लावलं. तीनदा लावलं. अब्बा माझ्या चेहऱ्याकडं बघत होते, जणू त्यावर सारेगम उमटणार होतं. शेकडो वाद्यं एकदम वाजत होती, काही वर जात होती, काही खाली, आणि मला त्यातली कुठली धरायची ते समजत नव्हतं. मी त्या माणसाचा मुलगा आणि मला वर-खाली कळत नव्हतं. शेवटी मी बोट वर केलं. अंदाजानं.

अब्बांचा चेहरा खुलला. "व्हय," म्हणाले, "मला वाटलंच हुतं."

त्यानंतर रोज सकाळी ते क्लॅरोनेट जोडून बसायचे. फुंकायचे नाहीत, नुसती बोटं चालवायचे. एकदा मला न सांगता एसटीनं नेसरीला जाऊन मामांना भेटून आले. आले ते खुशीत होते. गेल्या पावसाळ्यात अब्बा गेले. क्लॅरोनेट कॉर्नेटवाल्यांना द्या, असं सांगून ठेवलं होतं, म्हणून त्यांचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी पेटी घेऊन नेसरीला गेलो. मामांनी पेटी मांडीवर घेतली. मग त्यांनीच विचारलं, तुझ्या मोबाइलात ते सहा नंबर हाय म्हनं, लाव बघू.

मी लावलं. मामांचे कान अजून शाबूत आहेत. ती ओळखीची जागा आली तसा त्यांचा हात आपोआप वर गेला, आणि पुढचं सुरू झाल्यावर हळूहळू खाली आला.

"हे तर खाली येतंय की," मामा म्हणाले. "पायरी पायरीनं उतरतंय. तुझ्या बापानं मला हितं बसून वाजवून दाखवलं, त्यो वर घेऊन गेलता."

मी मोबाइल बंद करून खिशात ठेवला.

"मी म्हटलं हुतं त्याला, मास्तर, इतकं वर? दम पुरंना तुमचा. तर म्हनला, असंच हाय. माझ्या पोरानं सोता ऐकून सांगितलंय."